सगळ्या सुनांची टेकडी

आमच्या गावामागच्या माळावर एक दगडी मनोरा आहे. सरकारी कागदांत त्याला स्मृतिस्तंभ म्हणतात, गावात मिनार म्हणतात. निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या काळात आसपासच्या गावांतले जे लोक मारले गेले, त्यांच्यासाठी तो बांधला. राजवट गेल्यावर काही वर्षांनी गावकऱ्यांनी स्वतःच तो उभा केला. दगड अर्ध्या चढापर्यंत बैलगाडीनं आणले आणि तिथून पुढं डोक्यावरून वाहिले. ज्या घरांनी दगड वाहिले ती घरं अजून ‘आपला मिनार’ असंच म्हणतात. आमचं घर त्यांपैकी एक. आत चक्री जिना आहे आणि वर चारी बाजूंनी कठडा असलेला सज्जा. सज्ज्यावरून नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांची शिवारं दिसतात.

मुक्तिदिनाला पायथ्याशी झेंडावंदन होतं. मी वर्तमानपत्रात लागल्यापासून त्याची बातमी बहुतेक वर्षी माझ्याकडेच आली. तिच्यात हुतात्म्यांना अभिवादन असे, उपस्थितांची नावं असत आणि शेवटच्या परिच्छेदात स्मारकाची दुरवस्था असे. गावातल्या बायका त्या मनोऱ्याचा काय उपयोग करत, हे तिच्यात कधी आलं नाही. तो बातमीचा विषय नव्हता.

गावात नवी सून आली की हळद उतरायच्या आत तिला मिनारावर नेत. सोबत नवरा, नणंद आणि दोन-चार जावा. वर पोचल्यावर नणंद हात लांब करून सांगे, ते बघ तुझं माहेर. नवरीनं तिकडं बघून ‘दिसलं’ म्हणायचं. मग गूळ-खोबरं वाटायचं आणि सगळ्यांनी खाली यायचं.

अडचण अशी होती की सज्ज्यावरून बोट दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. जवळपासची गावं झाडीत बुडालेली, पलीकडं सपाट रान आणि त्यापुढं धुरकट आभाळ. क्षितिजावर नजर अडावी अशी एकच गोष्ट होती. दक्षिणेकडे, थोडी मावळतीला कललेली, दूरची एक टेकडी. तिचं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं. माहेर जवळचं असेल तर नणंदा खरी दिशा दाखवत. लांबचं असेल तर ती टेकडी दाखवत. निलंग्याच्या सुनेला तीच टेकडी, रेणापूरच्या सुनेला तीच आणि किनवटच्या सुनेलाही तीच. हापशावर बायका यावरून एकमेकींना चिडवत. एक काकू म्हणायची, “आपण समद्या एकाच बापाच्या लेकी, मंग जावा कशा गं झालो?”

आई किनवट तालुक्यातल्या जंगलातल्या गावाची. लग्नानंतर ती दोन बस बदलून आमच्या गावात आली. तिला वर नेलं तेव्हाची गोष्ट मला आत्याकडून कळली, कारण बोट दाखवणारी नणंद तीच होती. आत्यानं टेकडी दाखवली. आईनं नीट बघितलं आणि म्हणाली, “न्हाई दिसलं.” आत्याला वाटलं, लाजून राहिली असेल. पुन्हा दाखवली. आई पुन्हा तेच म्हणाली. खाली आल्यावर आजीला हे कळलं आणि तिनं नवरीला तिथूनच परत वर पाठवलं. आजोबा म्हणाले, जाऊ द्या, मलाबी तिथनं किनवट दिसत न्हाई. आजी म्हणाली, तुम्हाला कुणी इचारलं. दुसऱ्या खेपेला वर गेल्यावर आईनं टेकडीकडं न बघताच ‘दिसलं’ म्हणून टाकलं. ही गोष्ट सांगताना आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आई तेव्हा चुलीपुढं असेल तर चुलीकडंच बघत राहायची.

पहिल्या काही वर्षांत माहेरचं माणूस पंचमीला न्यायला आलं तर आलं, नाही तर नाही. तिचे वडील वारले त्याचा निरोप गावात पोचला तेव्हा माती होऊन गेली होती. आजी म्हणाली, आता जाऊन काय करणार. त्या दिवशी आई सरपणाला म्हणून माळावर गेली आणि मिनारावर चढली. तिचं एकटीनं वर जाणं तेव्हापासून सुरू झालं, असं आत्या सांगते. मला आठवतं त्या वयात हा प्रकार घरात सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. मी आणि धाकटा भाऊ कधी कधी सोबत असू. आम्ही कठड्याला धरून पळत असू. ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि टेकडीकडं बघायची. रडल्याचं मला आठवत नाही. थोड्या वेळानं उठून म्हणायची, चला, भाकरी टाकायच्यात.

ती टेकडी म्हणजे आजोळ, असं आम्ही दोघं भाऊ बरीच वर्षं धरून चाललो होतो. शाळेत जिल्ह्याचा नकाशा शिकवला तेव्हा मला कळलं की किनवट बरोबर उलट्या बाजूला आहे. घरी येऊन मी ते आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मला ठाव हाय. लगीन होऊन आले तवा बसच्या खिडकीतनं सूर्य कुठून कुठं गेला ते बघतच आले मी.”

“मंग तू तिकडं काय बघतीस?”

“तिकडं कायतरी हाय. हिकडं बघितलं तर कायबी न्हाई.”

हा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

वडील गेल्यानंतर आई गावातच, भाऊ आणि भावजयीकडं राहिली. मी नांदेडला असतो. काही वर्षांपूर्वी भावजयीचा फोन आला की आई दाराच्या चौकटीला सारखी धडकते आणि ताटात भाजी कुठं आहे ते तिला हातानं चाचपून बघावं लागतं. मी तिला नांदेडला आणलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि काचबिंदू सांगितला. उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर आटली होती, मधली शाबूत होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमानं घातले तर आहे ती बरीच वर्षं टिकू शकते, सोडले तर टिकणार नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं एकच विचारलं, लांबचं का जवळचं, आधी काय जातं? डॉक्टर म्हणाले, तसं नसतं, कडेचं आधी जातं आणि समोरचं शेवटी.

परतीच्या बसमध्ये तिनं सांगितलं, “एकदा मिनारावर नेऊन आण मला. दिसतंय तवर.”

मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, “बघून ठिवायचंय.”

तिनं माझ्याकडं आयुष्यात मागितलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. ही त्यांतली एक होती, आणि तिला मुदत होती.

मिनाराचा जिना त्याच्या आधीच बंद झाला होता. सज्ज्याच्या कठड्याचा एक दगड निखळून खाली पडला होता. कुणाला लागलं नाही, पण ज्या खात्याकडं स्मारकाची देखभाल होती, त्या खात्यानं दाराला लोखंडी जाळी बसवून कुलूप लावलं. पाटी लावली : धोकादायक बांधकाम, वर जाण्यास मनाई. गावातली पोरं तरीही वर जात. जाळीच्या खालची बिजागरी सैल होती, ती उचलली की माणूस आत सरकत असे. भावानं हाच मार्ग सुचवला. म्हणाला, दोघं दोन बाजूंनी धरू, हळूहळू नेऊ, सकाळच्या पारी कुणी नसतं.

आई ऐकेना. ती म्हणाली, “चोरावानी वाकून जाऊ का? माझ्या सासऱ्यानं डोक्यावर दगडं वाहिलीत तिथं. कुलूप काढून न्या.”

भावानं तिला दोन-तीनदा समजावलं. भावजयीनंही समजावलं. तिला मुकाट्यानं ‘दिसलं’ म्हणायला लावणारी सासू आता हयात नव्हती आणि या घरात तिचा शब्द शेवटचा होता. मी खात्याच्या कार्यालयात गेलो.

तिथला अभियंता तरुण होता, लातूरकडचा. त्यानं चहा मागवला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, असं एका माणसासाठी उघडता येणार नाही, काही झालं तर माझी नोकरी जाईल. पण दुरुस्तीचं काम मंजूर झालंय. मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाचा निधी आहे. कठडा नवा होईल, जिन्याला हातानं धरायला दांडा बसेल. मग तो म्हणाला, “सर, तुमच्या आईंना आपण फीत कापायच्या आधी वर नेऊ. माझीबी आजी अशीच आहे.” तो हे मनापासून बोलला, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मी आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, चालंल.

थेंब घालणं तेव्हापासून शिस्तीनं सुरू झालं. भावजयीनं तिच्या फोनमध्ये गजर लावून ठेवला होता, पण गजर व्हायच्या आधीच आई बाटली घेऊन खाटेवर बसलेली असे. थेंब घातल्यावर डोळा मिटून, नाकाजवळ बोट दाबून ती बसून राहायची, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं. कुणी हाक मारली तर बोलायची नाही. मी तिला दर काही महिन्यांनी तपासणीला नेत असे. डॉक्टर म्हणत, आजी, तुमच्यासारखा पेशंट नाही.

काम सुरू व्हायला वेळ लागला. आधी पावसाळा आला. मग ठेकेदार बदलला. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. मी फोन केला की अभियंता नम्रपणे नवी अडचण सांगे. मी ती आईपर्यंत पोचवत असे. आचारसंहिता म्हणजे काय, ते तिनं मला विचारलं. मी सांगितलं की त्या काळात सरकारला नवं काम काढता येत नाही. ती म्हणाली, “बरं हाय की सरकारचं. मला न्हाई कुणी लावत असली संहिता.” भाऊ हसला. तीही हसली. या सगळ्या काळात ती हसल्याचं मला आठवतं ते एवढंच.

पुढं मिनाराभोवती परांच्या बांधल्या. वाळू आली, सिमेंट आलं, पाण्याचे टँकर चढावर गेले. आई रोज भावाला विचारायची, कुठवर आलं. भाऊ शेतातून येताना माळाकडं नजर टाकून सांगायचा. एकदा तो म्हणाला, वरच्या सज्ज्यातनं आत काहीतरी भरून राहिलेत. मला वाटलं, दुरुस्ती करत असतील.

खरं काय ते मला प्रेसनोटमधून कळलं. वर्तमानपत्राच्या कार्यालयात बसलो असताना ती माझ्या टेबलावर आली. स्मृतिस्तंभाचे बळकटीकरण पूर्ण, असा मथळा होता. खालच्या मजकुरात होतं की स्तंभाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने आतील जिन्याच्या पोकळीत काँक्रीट भरण्यात आले आहे. पायथ्याशी उद्यान, रोषणाई, सेल्फी पॉइंट आणि मोठा पडदा बसवण्यात आला आहे. पडद्यावर परिसराचे ड्रोनद्वारे केलेले चित्रण पर्यटकांना पाहता येईल.

मी वाक्य पुन्हा वाचलं. पोकळीत काँक्रीट भरण्यात आले आहे. याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. मिनाराला आता आतली बाजू नव्हती.

अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला की तपासणीत जिन्याच्या पायऱ्या भिंतीपासून सुटलेल्या आढळल्या, वरून तसा निर्णय झाला, त्याच्या हातात काही नव्हतं. मग म्हणाला, पडदा फार चांगला बसवलाय सर, वर जाऊन दिसतं त्याच्यापेक्षा जास्त दिसतं. आईंना घेऊन या. मी विचारलं, मला आधी का सांगितलं नाही? तो म्हणाला, “सर, मी सांगणारच होतो. पण कसं सांगावं ते कळेना.”

मी ती प्रेसनोट नियमाप्रमाणे बातमी करून दिली. दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर लागली. गावात पेपर पोचायच्या आधी मी स्वतः गेलो आणि आईला सांगितलं. तिनं विचारलं, “फोडता येत न्हाई का ते?”

मी म्हणालो, नाही.

लोकार्पणाच्या दिवशी दगड वाहिलेल्या घरांचा सत्कार होता. आमच्या घरातून आईला बोलावलं. ती जाणार नाही, असं आम्हाला वाटलं होतं, पण ती तयार होऊन बसली. भावानं तिला मोटारसायकलवरून वर आणलं, कारण आता माळावर डांबरी रस्ता झाला होता. मी बातमीसाठी आलो होतो. भाषणं झाली. शाल आणि नारळ देताना तिचा हात पुढं यायला वेळ लागला, कारण नारळ बाजूनं आला होता आणि तिला तो दिसला नाही. देणाऱ्यानं तो तिच्या मांडीवर ठेवला.

मग पडदा सुरू झाला. अभियंता आईजवळ आला, वाकून नमस्कार केला आणि तिला पडद्यासमोर खुर्ची दिली. वाद्यांचं संगीत सुरू झालं. ड्रोन माळावरून वर उचलला गेला, मनोऱ्याभोवती फिरला, शिवारावरून गेला, तलावावरून वळला, पुन्हा मनोऱ्याकडं आला. चित्र उन्हात घेतलेलं, लखलखीत होतं. बाया पडद्याकडं बोट करून आपापली घरं दाखवत होत्या. आईला समोरचा लहानसा तुकडाच दिसत होता. त्या तुकड्यात शिवार यायचं आणि निघून जायचं. ती मान इकडून तिकडं फिरवत त्याच्या मागं जात होती. एकदा क्षितिजावर ती टेकडी आली. मला दिसली, म्हणून सांगतो. मी म्हणालो, आई, ती बघ. तिनं मान वळवली तोवर ड्रोन वळला होता.

“हे फिरूनच राहिलं,” ती म्हणाली. “जरा थांबव म्हण त्याला.”

पडदा चालवणारा मुलगा म्हणाला, आजी, ते थांबत नाही, सगळं एकात एक जोडलेलं आहे. संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागतं. ती पुन्हा पहिल्यापासून लागेपर्यंत बसली. टेकडी परत आली आणि परत गेली. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा तिनं पडद्याकडं बघणं सोडलं आणि भावाला म्हणाली, चल.

लोकार्पणाच्या बातमीत मी हे काही लिहिलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत कामाच्या रेट्यात मी गावाकडं कमी गेलो. फोनवर भावजय सांगे, आई बरी आहे, जेवते, थेंब घालते. तपासणीची एक तारीख माझ्यामुळं चुकली. तिला नांदेडला आणलं तेव्हा बसमधून उतरताना मला दिसलं की ती पायरी शोधत नाही. पाय सोडते आणि जमीन लागायची वाट बघते. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, थेंब चालू आहेत ना? आई म्हणाली, हाव. डॉक्टरांनी बाटली मागितली. आईनं पिशवीतून काढून दिली. बाटलीचं सील फोडलेलंच नव्हतं.

मी भावजयीला फोन लावला. ती म्हणाली, मी रोज समोर बघते भाऊजी, त्या डोळा मिटून नाकाजवळ बोट लावून बसतात. फोन ठेवताना ती रडत होती. आई खुर्चीत सरळ बसली होती. मी तिला विचारलं, कधीपासून घातले नाहीत?

“तवापासून,” ती म्हणाली.

“का?”

“कशाला ठिवू आता? घरातलं समदं हाताला ठाव हाय.”

डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, काहीतरी हललं. मग त्यांनी हात थोडा बाजूला नेला आणि पुन्हा विचारलं. या वेळी ती समोरच बघत राहिली. त्यांनी दिवा बंद केला आणि खोलीतला मोठा दिवा लावला. चिठ्ठीवर जुन्याच थेंबांची नावं पुन्हा लिहिली आणि त्याखाली सही केली. आतापर्यंत प्रत्येक वेळी ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुढच्या तपासणीची तारीख लिहीत असत. या वेळी तो कोपरा मोकळा होता. मी विचारल्यावर ते म्हणाले, वाटलं तर या.